पाड्यावरचा 'खून' आणि लाल पेन्सिल

सुरगाण्याच्या डोंगरातला एक तपास माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी सोलापूरकडचा, सातवीवर शाळा सोडून भरती झालेला शिपाई. माझा चुकांनी भरलेला आधीचा पंचनामा वाचून साहेबांनी बजावलं होतं, पुढचाही असाच आला तर वर्दी उतरवून ठेव.

नाशिकच्या एका बाईंनी तक्रार दिली. नवरा पाड्यावर शिक्षक, तीन आठवडे घरी आला नव्हता. मिसिंगची नोंद झाली आणि चौकशीला मला धाडलं.

पाड्यावर ज्याला विचारावं तो म्हणे, गुरुजी आत्ताच गेले. म्हातारी तेच, पोरं तेच, एका सुरात. शाळेमागे भाजून काळी पडलेली जमीन दिसली, वर माती पसरलेली. प्रेत जाळलं, असं धरून मी पंचनामा लिहूनही काढला आणि पोलीस पाटलांना दरडावलं.

पाटील शांतपणे म्हणाले, "सायब, हा राब हाय. पाला न् शेण भाजायचं, मग भाताचं बी टाकायचं. एका गुरुजीला येवढी जागा कशाला लागंल?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. तेवढ्यात शाळेतून पाढे ऐकू आले. गुरुजी नाहीत, मग शिकवतंय कोण? आत गेलो तर गावचीच एक सून फळ्यापुढे उभी. मला पाहून तिनं खडू खाली ठेवला.

"मला न्या, दादा, पण शाळा बंद नका करू. गुरुजी लगीनसराईत बँडमधी वाजवत्यात. वर कळलं तर शाळाच मोडंल."

दुसऱ्या दिवशी कळवणला एका वरातीत गुरुजी सापडले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. माझा हात सलामासाठी अर्ध्यावर गेला होता. ते म्हणाले, "एवढं गाणं संपू द्या." मी थांबलो. गाणं बरं वाजवत होते.

त्यांना घरी पोचवलं. बायको जे बोलली ते स्टेशन डायरीत लिहिण्यासारखं नव्हतं.

अहवाल लिहायला मी परत पाड्यावर गेलो, शेवटच्या बाकावर बसलो. त्या सूनबाईंनी माझा राबाचा तो पंचनामा मागून घेतला आणि लाल पेन्सिलीनं चुका दाखवल्या. 'प्रेत' सरळ खोडलं. मग एकेक वाक्य करवून घेतलं. शेवटी मी लिहिलं, 'शिक्षक सुखरूप मिळून आले. शाळा रोज भरते.' दुसरं वाक्य तपासात बसत नव्हतं, पण खरं होतं.

गाव एका सुरात बोलू लागलं की काहीतरी लपलेलं असतं, हे मी तिथे शिकलो. ते वाईटच असेल असं नाही, हेही तिथेच.

अहवाल वाचून साहेब म्हणाले, "सुधारलास की रे. कुणी शिकवलं?" बाईंचं नाव मी तेव्हा सांगितलं नाही. आजही सांगत नाही. वर्दी मात्र निवृत्तीपर्यंत अंगावर राहिली.