नवघरातली दुनळी

माझ्या हातून आजवर बरीच माणसं मेली, आणि त्याचा मला अभिमान आहे. पडद्यावर मारणारा मारतो, पण त्याच्या पिस्तुलाचा खटका, रिकाम्या काडतुसाचं फरशीवर पडणं, मरणाऱ्याचं दारावर आपटणं, हे सगळं मी वाजवते. सिनेमाला आवाज करून देणं हा माझा धंदा. घोडबंदर रोडवरच्या एका स्टुडिओत मी पडद्याकडे बघत नायकाचे बूट घालून चालते, साड्या सळसळवते, कपबशा आदळते. सोसायटीत कोणी माझ्या कामाबद्दल विचारलं की बाबा सांगायचे, "भांडी वाजवते." भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे इतके गाळे आहेत, की लोकांना ते खरंच वाटायचं. मी जळफळायचे.

बाबा रत्नागिरीकडचे शेतकरी. आई गेली, मग त्यांची नजरही अधू झाली, तेव्हा मी त्यांना माझ्याकडे, भाईंदरमधल्या नवघरला घेऊन आले. गावी त्यांची दुनळी बंदूक होती, शेतराखणीच्या परवान्याची, डुकरांसाठी. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. तेवढे दिवस बाबा लेक सासरी धाडल्यासारखे घरात फिरायचे. दसऱ्याला झेंडूची पहिली माळ तिला, मग माझ्या वह्यांना. घरात तिच्याबाबत नियम एकच, तोही दरडावून सांगितलेला: नळी खाली. भरलेली असो, रिकामी असो, नळी खाली. इकडे येताना त्यांनी ती कायमची पोलीस ठाण्यात देऊन टाकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

मग ते काम आलं. इंग्लंडमधला एक गाजलेला जुना गँगस्टरपट मराठीत यायचा होता. अशा जुन्या सिनेमांची एक अडचण असते. संवाद आणि बाकीचे आवाज एकाच पट्टीवर असतात, त्यामुळे इंग्रजी बोलणं पुसलं की बंदुकाही मुक्या होतात. मी पाहायला बसले आणि मला हसूच आलं. लांब कोट, चकाकणारे बूट, तोंडात सिगारेट, आणि त्या विलायती गुंडाच्या हातात काय, तर आमच्या बाबांची दुनळी. तो ती मधून वाकवून उघडतो, दोन काडतुसं सारतो आणि मिटतो. बोलत काहीच नाही. त्या मिटण्यावरूनच समोरच्याला कळतं की आता आपलं काही खरं नाही.

स्टुडिओतले साहेब म्हणाले, कॉम्प्युटरमधला तयार आवाज लावून टाकू, कोणाला कळतंय. मी म्हटलं, मला कळतंय. एक दिवस मागून घेतला.

तो आवाज माझ्या कानात होता. तिन्हीसांजेला बाबा रानात निघाले की पडवीतून आधी तो यायचा. उघडताना हलका, मिटताना जड, आणि त्यानंतर घटकाभर सगळं घर गप्प. बाबांना विचारणं जिवावर आलं, जखमेवर मीठ कशाला चोळा. पण खरं सांगायचं तर भीती मला साहेबांची नव्हती, बाबांची होती. त्यांच्या कानाला खोटी वाटली असती, तर जगानं वाहवा केली तरी माझी बंदूक खोटीच.

घरीच मागच्या खोलीच्या खिडकीला गोधड्या लावल्या आणि बसले. भांड्यांच्या गाळ्यातून आणलेले पाइपचे दोन तुकडे, काडतुसं म्हणून टॉर्चचे सेल, आणि एका जुन्या फाटकाची लोखंडी कडी. पहिल्यांदा ऐकलं तर ते फाटकच. कडीला तेल घातलं, तर डबा. वजन काही येईना. दुपार कलायला लागली तेव्हा स्वयंपाकघरातून पोळपाट आणला, मांडीवर धरला, कडी त्यावर दाबली आणि लाकडासकट मिटली.

बाहेरच्या खोलीत बाबा पडले होते. तिथून आवाज आला, तो पडवीतला, दरडावणारा.

"नळी खाली धर. घरात माणसा हायत."

माझा हात आपोआप खाली गेला. पोळपाट जमिनीकडे धरून मी तशीच बसून राहिले आणि मला रडू आलं. इतकी मोठी शाबासकी मला आजवर कोणी दिली नव्हती, आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

भिंत चाचपत ते दारात आले, कुठं आहे ती, म्हणाले. मी सगळं त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी पाइप चाचपले, कडी चाचपली. पोळपाटाच्या कडेला चिकटलेलं पीठ बोटानं खरवडलं. आता चिडतील, असं मला वाटलं. त्यांनी स्वतः कडी मिटून पाहिली, पण नुसता खडखडाट झाला. मग पोळपाट माझ्याकडे देऊन म्हणाले, कर बघू परत. मी केलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि आणखी एकदा करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो आवाज ऐकला आणि सिनेमात घेतला. पण माझ्या लेखी निकाल आदल्या संध्याकाळीच लागला होता. शेजारची बाई दारात येऊन विचारत होती, दादाजी, दिनभर अंदर क्या ठोकाठोकी चल रही थी. मी आत कान टवकारले. आता भांडी येणार.

"बेटी बंदूक बनाती है," बाबा म्हणाले. "उसका लायसन निकालना पडेगा."