शेवंतावहिनीने शेंदलेलं पाणी

काल दारातलं काथ्याचं पायपुसणं धुताना ओल्या सुंभाचा वास आला आणि मी संगमेश्वराजवळच्या आमच्या विहिरीवर पोचले, ऐंशीच्या दशकातल्या.

तेव्हा बौद्धवाडीतल्या बायका काठापासून लांब उभ्या राहायच्या आणि आम्ही कुणबिणी वरून त्यांच्या कळशांत पाणी ओतायचो. बालवाडीच्या बाईंनी महिला मंडळात हे बंद करायचं ठरवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण ठरल्या सकाळी एकीचाही पाय हलेना. शेवटी मी माझा दोर बौद्धवाडीतल्या शेवंतावहिनीपुढे धरला.

"वहिनी, तुमीच शेंदा."

ती काठावर आली. पाणी शेंदलं आणि पहिली कळशी माझ्याच हंड्यात ओतली.

"आज माझं पानी ने," म्हणाली.

हंडा डोक्यावर घेऊन मी ताठ मानेनं घरी निघाले. धीर आपणच केला, असं तेव्हा वाटलं. ती कळशी मी सगळ्यांदेखत नाकारली असती तर तिचं काय झालं असतं, हे आज सुचतं.

दारात सासूबाईंनी विचारलं, "कोनी शेंदलंन?"

"शेवंतावहिनीनी."

त्यांनी माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला आणि त्याच पाण्याचं भातासाठी आधण ठेवलं.