चालतंय

ऑफिसातला गारवा तिथल्या माणसांना मानवतो का, हे तपासणं माझं काम. टेबलावर थर्मामीटर ठेवायचा आणि माणसांना विचारायचं. थर्मामीटर लगेच खरं सांगतो, माणसं आढेवेढे घेतात.

परवा एसीच्या झोताखाली बसलेल्या शिंदेबाईंना विचारलं, "गार वाटतंय?"

"चालतंय की."

अंगात स्वेटर, कानाला स्कार्फ.

"खरं सांगा, खांदा धरतो ना?"

"धरतो हो. पण एसी बंद केला तर हे देसाई उकडून निघतील."

पलीकडच्या कोपऱ्यात फाइलने वारा घेणारे देसाई म्हणाले, "माझं चालतंय. बाईंना त्रास नको."

'चालतंय' हे उत्तर मी कधी लिहून घेत नाही. आपल्याकडे त्या शब्दात दुसऱ्याची सोय असते, स्वतःची नसते. चांगलाच गुण आहे, पण त्याने खांदा बरा होत नाही.

"मग जागा बदला की!" मी म्हणाले. इतकी वर्षं हे कुणाला सुचलंच नव्हतं.

निघताना पाहिलं, तर स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता आणि देसाई झोताखाली डोळे मिटून बसले होते.

"आता कसं?"

"चालतंय!" दोघं एकदमच म्हणाली.

या वेळी मी ते लिहून घेतलं.