तांबोळी मास्तरांचा राग

तांबोळी मास्तरांना राग आला की त्यांचा आवाज खाली यायचा. एरवी ते रस्त्यापलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल असं बोलत. पण कुणी दुखावलं की शब्द सुटे सुटे, सावकाश आणि ‘आपण’ लावून येत. ‘आपण म्हणता तसंच करू,’ असं ते म्हणाले की ओळखावं, समोरच्याचं आता काही खरं नाही. एका गिऱ्हाइकाने एकदा त्यांच्या कामाला ‘जुगाड’ म्हटलं होतं. त्या गृहस्थांची सायकल पुढे अकरा वर्षं दुकानात सगळ्यात शेवटी हातात घेतली गेली. मी एकदा म्हटलं, “मास्तर, विसरा आता.” तर म्हणाले, “बाई, विसरायला फुरसत लागते. मला कामं आहेत.”

कर्वेनगरातून वारज्याकडे जाताना डाव्या हाताला त्यांचं सायकलचं दुकान होतं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि पन्नाशीला टेकल्यावर मला सायकलचं वेड लागलं. पहिल्याच दिवशी माझं चाक फिरवून पाहत ते ओरडले होते, “बाई, तुम्ही सायकल चालवताय की झोका घेताय?” चाकाचा आउट काढून ते सरळ फिरतं करण्यात त्यांचा हात धरणारं पुण्यात कुणी नव्हतं. त्या दिवसापासून त्यांचं ते खणखणीत ‘तुम्ही’ मला हक्काचं वाटायला लागलं.

विमानाने न्यायची सायकल बांधावी तर मास्तरांनीच. चाकं काढायची, हँडल आडवं करायचं, पेडल उतरवायची. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरून जोर लावणाऱ्याकडे ते फार दयेने बघत. टायरमधली हवा अर्धी सोडून देत. शेवटी हातपंप जुन्या मोज्यात घालून फ्रेमच्या दांडीला बांधत आणि हवा झटपट भरायची गॅसची नळकांडी कुणी खोक्यात सारली असतील, तर ती काढून मालकाच्या हातावर ठेवत. “विमानाला जड चालतं, फुगलेलं चालत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते. पण परत आलेल्या प्रत्येकाला ते खोदून विचारत, काय अडवलं, काय सोडलं, खोकं कुठे फाटलं. त्यामुळे विमानतळावरचे नियम त्यांना तोंडपाठ होते.

आमच्या सायकल क्लबचे अध्यक्ष जोगळेकर. कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, पण मॅनेजरकी काही निवृत्त झालेली नाही. गुवाहाटीला विमानाने जायचं आणि तिथून सायकलने शिलाँग, असा बेत ठरला होता. एका रविवारी सकाळी आम्ही दहा जण आपापल्या सायकली घेऊन मास्तरांच्या दुकानापुढे जमलो. जोगळेकरांच्या सामानात मास्तरांना आठ नळकांडी सापडली.

“साहेब, ही जाणार नाहीत. विमान कंपनीची परवानगी काढलीय का?”

“राहू द्या ती. आणि तो हातपंप काढा. उगाच वजन.”

“पंप असू द्या, साहेब. तुमचा बारीक वॉल्व्ह. बाकीच्यांचा पंप त्याला बसायचा नाही.”

जोगळेकर हसून म्हणाले, “तांबोळी, पंक्चरवाल्याने पंक्चर काढावं. विमानात आम्ही बसतो.”

सगळे हसले. मीही हसले. विनोद आवडला म्हणून नव्हे, नऊ जण हसत असताना तोंड मिटून ठेवायचं धैर्य झालं नाही म्हणून. हल्ली ‘पंक्चरवाला’ या शब्दाचा रोख कुठल्या धर्माच्या माणसांकडे असतो, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मास्तरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आपण म्हणता तसंच करू.” नळकांडी आत गेली, पंप बाहेर आला आणि खोक्यावर चिकटपट्टी बसली. त्यानंतर त्यांनी माझी सायकल बांधायला घेतली.

घरी येताना मला उकळ्या फुटत होत्या. बारीक वॉल्व्हच्या सायकली आमच्यात दोनच, जोगळेकरांची आणि माझी. म्हणजे गुवाहाटीला हा माणूस पंप मागत माझ्याकडेच येणार होता. काय बोलायचं ते मी दोन दिवस घोकलं. पुणे विमानतळावर जोगळेकरांचं नाव पुकारलं गेलं, खोकं उघडलं गेलं, आठही नळकांडी काढून घेतली गेली आणि ते लालबुंद होऊन परत आले. सगळ्यांनी काळजीने चौकशी केली. सगळ्यात जास्त मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुवाहाटीच्या हॉटेलच्या अंगणात सगळ्यांची खोकी उघडली. बाकीचे आपापल्या पंपाने हवा भरायला लागले. जोगळेकर सगळ्यांकडे फिरून शेवटी माझ्याकडे आले.

“बाई, जरा तुमचा पंप द्या ना.”

“देते की. आधी मास्तरांना फोन लावा. सगळ्यांना ऐकू येईल असा. आणि माफी मागा.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गाबाहेरच काढतील. पण बाकीचे निघायच्या तयारीत होते. त्यांनी फोन लावला.

“तांबोळी, त्या दिवशी जरा जास्तच बोललो मी. चुकलं.”

पलीकडून सावकाश आवाज आला, “ठीक आहे, साहेब. आपण बाईंच्या खोक्यात बघा.” आणि फोन बंद झाला.

मी दिमाखात दांडीला बांधलेला मोजा सोडला. आत पुठ्ठ्याची गुंडाळी होती. पंप नव्हता. पुठ्ठ्यावर मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘बाई, आपणही हसलात.’

बाकीचे आठ जण शिलाँगच्या रस्त्याला लागले. मी आणि जोगळेकर हॉटेलच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून होतो. हॉटेलच्या व्यवस्थापकांनी गावातून कुठून तरी पंप मिळवून दिला. मला मास्तरांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो रागसुद्धा लाजेवर घातलेलं पांघरूण होता.

पुण्याला आल्यावर मी तडक दुकानात गेले. माझा पंप समोर खिळ्याला टांगलेला होता.

“मास्तर, मी तर तुमच्या बाजूची होते.”

“परक्याचं हसू कानाला लागतं, बाई. आपल्याचं आत लागतं.”

“मग आता माफ करा.”

त्यांनी पंप काढून माझ्यासमोर ठेवला. “माफी-बिफी आमच्याकडे मिळत नाही. हवा मिळते. आपल्याला भरायची आहे का?”

त्यांनी दोन्ही टायर भरून दिले आणि अंगठ्याने दाबून पाहिले. त्यानंतर मी चार वेळा विमानाने सायकल नेली. चारही वेळा खोकं तसंच चोख होतं आणि मोज्यात पंप होता. पण ‘तुम्ही’ मला परत मिळालं नाही. गिऱ्हाइकांवर खेकसणारा तो माणूस माझ्याशी शेवटपर्यंत हळू आणि अदबीने बोलला. शिक्षा म्हणजे काय, ते मी जन्मभर विद्यार्थ्यांना केलेल्या शिक्षांवरून शिकले नाही, इतकं त्या ‘आपण’वरून शिकले.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. दुपारी हृदयविकाराचा झटका आला आणि संध्याकाळी दफन झालं. मी पोचेपर्यंत माणसं परतत होती. पुढच्या आठवड्यात क्लबने शोकसभा घेतली. जोगळेकर भाषणाला उभे राहिले.

“तांबोळी मोठ्या मनाचे. कुणाचा राग म्हणून धरला नाही त्यांनी. माझ्यासारख्याच्या तोंडून एकदा काहीतरी निसटलं, तर एका फोनवर माफ करून टाकलं.”

माना डोलल्या. मी उठून उभी राहिले.

“धरला होता. तुमचा धरला, माझा धरला आणि मरेपर्यंत सोडला नाही. त्यांचा राग त्यांच्या कष्टाचा होता, जोगळेकर. तेवढा तरी त्यांच्याकडून काढून घेऊ नका.”

जोगळेकर खाली बसले. मग मी त्या रविवारपासून सुरुवात केली. कोण काय म्हणालं आणि कोण कोण हसलं ते सांगितलं, नावानिशी, माझ्या नावापासून.