देवीच्या मागची उतरण

माझा देवावर विश्वास होता, पण एखादं काम त्याच्यावर सोपवावं इतका नव्हता. सकाळी आंघोळ झाली की देवघरापुढे बसायचे, जपाची माळ पुरी करायचे आणि उठताना आज काय काय व्हायला हवं ते त्याला सांगून टाकायचे. ते मागणं नसायचं, सूचना असायच्या. आज हे लिहिताना त्याची लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, कारण मी ठरवलेलं बहुतेक सगळं होत होतं आणि ते माझ्यामुळेच होतंय अशी माझी खात्री होती.

ऐंशीच्या दशकातली ती पहिली वर्षं. आम्ही वाशीला नवीन राहायला आलो होतो आणि मी तिथल्याच एका शाळेत पी.टी. शिकवत होते. लहानपण साताऱ्याकडच्या डोंगरात गेलेलं, त्यामुळे खाडीकाठच्या त्या सपाट वसाहतीत पाय शिवशिवायचे. शाळेच्या मैदानावर पहाटे आम्ही आठ-दहा जण धावायचो. बहुतेक जण बेलापूर रोडवरच्या कारखान्यांतले. एकदा चहा पिताना मी म्हटलं, मॅरेथॉन रस्त्यावर सगळेच भरवतात, आपण त्याहून मोठी शर्यत भरवू, आणि तीही डोंगरातून. पन्नास किलोमीटर. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, बाई, तुम्ही शाळेची कवायत बघा. त्या एका वाक्याने माझं पक्कं झालं.

चार महिने एकही रविवार मी घरी काढला नाही. बेलापूर गावातले म्हात्रेकाका माझ्याबरोबर यायचे. त्यांची भातशेती नव्या शहरात गेली होती. रिकामं बसवत नाही, म्हणून ते रोज डोंगर चढायचे. तिथली एकेक पायवाट त्यांना ठाऊक होती. शाळेची मोजपट्टी एका टोकाला त्यांनी धरायची, दुसऱ्या टोकाला मी, असा सगळा मार्ग आम्ही मोजला. बेलापूरच्या पायथ्यापासून चढून खारघरच्या माथ्यावर जायचं, पठार ओलांडून पलीकडे उतरायचं आणि वळसा घालून परत यायचं. माथ्यावर ठाकर आदिवासींची छोटी वाडी होती आणि तिच्याजवळ उंबराखाली शेंदूर लावलेली त्यांची देवी. तिथून खाली जायला दोन वाटा फुटत होत्या, एक सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या लांबट धारेवरून, आणि दुसरी देवीच्या मागून.

"बाई, तुमी सोंडेवरून न्या," काका म्हणाले. "देवीच्या मागची उतरन वाईट हाय. दगूड पायाखालून सुटतो."

"सोंडेवरून नेलं तर तीन किलोमीटर कमी भरतात, काका."

"मंग भरू द्या कमी."

"पन्नास सांगितलेत, पन्नासच होणार."

चपला काढून काकांनी देवीपुढे डोकं टेकलं. मीही उभ्या उभ्या हात जोडले आणि तिला बजावलं, सगळं नीट पार पाड. मग त्या मागच्या उतरणीवर दगडादगडावर चुन्याचे बाण काढत आम्ही खाली उतरलो.

शर्यतीच्या दिवशी हवा छान गार होती. सव्वीस जण धावायला उभे होते. सकाळी सहाला मी शिट्टी वाजवली. वाटेत सहा ठाणी लावून तिथे पाणी, गूळ-शेंगदाणे आणि दोन-दोन माणसं ठेवली होती. पुढे जाणाऱ्याच्या छातीवरचा नंबर वहीत लिहायचा, एवढंच त्यांचं काम. तेव्हा डोंगरावर फोन कुठला? वरची बातमी खाली यायची ती माणसाच्या पायाने. अकराच्या सुमाराला पहिला गडी परत आला, टाळ्या वाजल्या, आणि माझी मान अशी ताठ झाली की आठवलं तरी नको वाटतं.

साडेबाराला देवीच्या खालच्या ठाण्यावरचा माणूस वही घेऊन उतरला. म्हणाला, "बाई, सतरा नंबर आमच्याकडे आलाच नाही. आम्हाला वाटलं, दमून वरूनच माघारी फिरला." वरच्या ठाण्याची वही आधीच खाली आली होती, ती मी उघडली. सतरा नंबर देवीपाशी पावणेदहाला पाणी पिऊन पुढे गेला होता. म्हणजे वरच्यांना वाटत होतं तो खाली पोहोचला, खालच्यांना वाटत होतं तो परत गेला, आणि मधल्या त्या उतरणीवर तीन तास त्याचा पत्ता नव्हता.

सतरा नंबर म्हणजे सावंत. कारखान्यात लेथवर काम करणारा, चाळिशीचा, अबोल माणूस. त्याची बायको झाडाखाली सतरंजी टाकून, जेवणाचा डबा आणि थर्मास घेऊन सकाळपासून बसली होती. माझी धावपळ पाहून ती उठून आली.

"बाई, यांना अजून किती वेळ लागेल हो?"

"वहिनी, मी बघून येते," एवढंच मला म्हणता आलं.

काका दोघांना घेऊन खालच्या बाजूने उतरण चढायला लागले. मी मैदानावरच्या दोन तरण्या कामगारांना घेऊन माथ्यावर गेले. वरून खाली, खालून वर, हाका मारत दीड तास आम्ही ती उतरण पिंजून काढली. वाळलेली कारवी खांद्याला लागत होती. खरोखरच पाऊल टाकलं की दगड सुटत होता. आमची वाट उजव्या अंगाने उतरत होती, म्हणून त्या बाजूच्या दोन्ही घळी पाहिल्या. माझा आवाज बसला. शेवटी मी उंबराखाली येऊन देवीसमोर बसले. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हटलं, मी हट्ट केला. त्याची बायको खाली वाट बघते आहे. मला आता काही सुचत नाही, तू बघ. डोळ्यांत पाणी आलं, पण मनाला शांतता वगैरे काही मिळाली नाही. बसवत नव्हतं म्हणून उठले, इतकंच.

तेवढ्यात वाडीकडून एक म्हातारी काठी टेकत आली. माझ्यासमोर थांबून म्हणाली, "बाय, माजी शेली पायली का?"

मी मान हलवली आणि घोगऱ्या आवाजात तिला विचारलं, कुणी धावणारा माणूस दिसला का.

"मानूस नाय पायला. शेली सकालधरनं नाय. ती रोज तिकरं जात नाय. डाव्या घलीतून वरडतेय, पन मना एकटीला उतरवत नाय. येतेस का?"

माझ्याबरोबरचा एकजण कानाशी येऊन म्हणाला, "बाई, आपल्याला टाइम नाही. माणूस शोधायचाय." त्याचं बरोबरच होतं. मी माझ्या नेहमीच्या शहाणपणात असते तर तेच बोलले असते. डावीकडे आमचा मार्गच नव्हता. पण त्या म्हातारीने "येतेस का" विचारलं आणि मी "चला" म्हणाले. का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही.

घळ अरुंद होती. मुळांना धरून आम्ही उतरलो. खाली एक करडी शेळी होती. तिच्या गळ्यातला दोर कारवीत गुंतून बसला होता. आणि तिच्यापासून चार पावलांवर, खडकाला पाठ टेकून सावंत होता. एक पाय घोट्यात विचित्र वळलेला, कपाळावर रक्त सुकलेलं. आम्हाला पाहून त्याने हात उचलला, पण तोंडातून शब्द फुटेना. पाण्याचे दोन घोट घेतल्यावर हळूच म्हणाला, "हाका ऐकू येत होत्या, बाई. ओरडता येत नव्हतं."

पाय घसरून तो बाजूच्या उतारावरून या घळीत गडगडला होता. पुढे त्याने सांगितलं, की डोळे मिटायला लागले की ती शेळी ओरडायची आणि तो पुन्हा जागा व्हायचा.

म्हातारीच्या हाकेने, रानातून नुकतेच परतलेले वाडीतले चौघे धावत आले. मी शेळीचा दोर सोडवून ती म्हातारीकडे दिली, आणि घोंगडी आणि बांबू यांची झोळी करून त्या चौघांनी सावंतला खाली आणलं. त्या अवघड वाटेवर त्यांनी त्याला एक हिसका बसू दिला नाही. पायथ्याला पोहोचल्यावर वहिनींनी थर्मासमधला चहा आधी त्या चौघांना दिला आणि मग नवऱ्याबरोबर जीपमध्ये बसल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. सावंतचा पाय सहा महिन्यांनी बरा झाला, थोडं लंगडणं मात्र राहिलं. वहिनी माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. तो त्यांचा हक्क होता आणि मी तो मुकाट्याने मान्य केला.

पुढच्या रविवारी काकांना घेऊन मी वाडीवर गेले. म्हातारीसाठी लुगडं आणि गूळ नेला होता. तिच्या पाया पडून म्हटलं, "आजी, तुमच्या रूपाने देवीच धावून आली."

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग काकांना म्हणाली, "ही काय बोलते? सकालधरनं मी देवीला इनवत होते, माजी शेली दे. कोन उतरनार त्या घलीत? देवीनंच या बायला धाडली माज्या शेलीसाठी."

काका हसले. इतकी वर्षं मी देवाला सूचना देत आले होते, आणि त्या दिवशी मी स्वतःच कुणाच्या तरी प्रार्थनेचं उत्तर म्हणून पाठवली गेले होते, मला पत्ताही न लागता. यात चमत्कार किती आणि योगायोग किती, ते ठरवण्याची माझी योग्यता नाही. मी फक्त घडलं ते लिहिलं आहे.

शर्यत मी बंद केली नाही. आता कोण येणार, असं पुष्कळांनी विचारलं. दुसऱ्या वर्षी पत्रकावर सत्तेचाळीस किलोमीटर लिहिलं आणि मार्ग सोंडेवरून नेला. दोन ठाण्यांमध्ये मागून चालत येणारी माणसं नेमली. करायचं ते सगळं आणखी काळजीने केलं. स्वतःला सोपवणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मला कधी वाटलं नाही. आपल्या वाट्याचं चालून झाल्यावरही वाट पुढे उरते, आणि तिथे आपण नसतो, एवढंच मला कळलं.

दर वर्षी शिट्टी वाजते. माणसं पहिल्या वळणापर्यंत दिसतात आणि मग झाडीत शिरतात. आता त्यांच्यातल्या कुणाचंही पाऊल मला धरता येणार नाही. त्या क्षणी मी चपला काढते, डोंगराकडे तोंड करून हात जोडते आणि काहीही सांगत नाही.