ओढ्याच्या बाभळी

गरम गुळाचा वास आला की माझं तोंड कडू होतं. एकोणीसशे पस्तीसच्या सुमारास लग्न होऊन मी इंदापूरकडच्या गावात आले, तेव्हा ओढ्याकाठी बाभळींचं दाट रान होतं. मग कालव्यापाठोपाठ ऊस आला आणि दोन हंगामांत आमच्या गुऱ्हाळात रस आटवायच्या चुलवाणानं ते सगळं गिळलं. शेवटच्या बाभळी उन्हाळ्यात पाडल्या, तेव्हा दरसाल येणारा म्हातारा धनगर तिथंच उतरला होता आणि त्याची शेरडं पाडलेल्या फांद्यांच्या शेंगा खात होती. खोडांना येणारा फुटवाही शेरडं खाऊन टाकतील, असं सासऱ्यांच्या मनानं घेतलं. "आजच्या आज उठायचं," ते म्हणाले. धनगर हळूच म्हणाला, "तात्या, शेरडाच्या पोटातनं गेल्याबिगर बाभळीचं बी नीट उगवत न्हाय." सासऱ्यांनी काठीनं शेरडं कोंडायचा काट्यांचा वाडगा मोडला. भर उन्हात त्याची बायको दोन दिवसांची करडं ओच्यात घेऊन निघाली. तिनं माझ्याकडं पाणी मागितलं, आणि सासऱ्यांकडं बघून मी तांब्या उचलला नाही. पुढं पाऊस झाला, पण खोडं वाळूनच गेली आणि ओढा बोडका राहिला. फक्त वाडगा होता तेवढ्या गोल जागेत, लेंड्यांमधून, बाभळीची रोपं दाटीनं वर आली. सासऱ्यांनी काट्या आणून रोपांना कुंपण घातलं, शेरडं येऊ नयेत म्हणून. धनगर पुन्हा त्या वाटेनं आला नाही. आता त्या बाभळींच्या सावलीत सगळं गाव टेकतं. मला तिथं बसवत नाही.