शरण येणारा भुंगा

किला गेटजवळचे सूर्याजी नोकरीतून सुटले आणि गच्चीवर कुंड्या मांडून बसले. पूर्वज दख्खनेतून इकडे उत्तरेत शिपाईगिरीला आलेले, त्यामुळे घरात एक रीत अजून टिकून होती: खाली पडलेल्यावर हात उचलायचा नाही. आता या रीतीपायी वांगी कशी जाऊ लागली, ते ऐका.

गेल्या चंपाषष्ठीला भरीत बाजारच्या वांग्याचं झालं, तेव्हाच त्यांच्या बायकोनं, सुधाताईंनी, बजावलं होतं: पुढच्या वर्षी नैवेद्याला घरचं वांगं नसेल तर कुंड्या खाली, आणि गच्चीवर माझे पापड.

भादव्यात दोन शत्रू चालून आले. लाल भुंगा दुधीच्या पानांना भोकं पाडी आणि बोट जवळ नेलं की भुर्रकन पसार. दुसरा ठिपक्यांचा. तो वांग्याचं पान असं खरवडी की नुसती जाळी उरावी. पण हात लागला की पाय आखडून टपकन खाली, उताणा. सूर्याजींचा सगळा राग त्या पळपुट्या लालवर. जुनं बनियन परजत ते भर दुपारी त्याच्यामागे गच्चीभर धावले. शेजारच्या विजयाबाईंनी सुधाताईंना फोन करून विचारलं, भाऊजींना ऊन तर लागलं नाही ना. ठिपकेवाला मात्र खानदानी, शरण येतो, म्हणून त्याला अलगद उचलून कुंडीच्या काठावर ठेवत. दहा दिवसांत दुधी बरा आणि वांग्याची चाळण.

नात निधी शेतीचं शिकते. तिनं एक उताणा भुंगा तळहातावर घेतला आणि आजोबांना थांबायला सांगितलं. थोड्या वेळानं त्यानं मिशा हलवल्या आणि निवांत चालू लागला.

"आजोबा, ये मरा नहीं है, नाटक कर रहा है. लालवाला निदान खरंखरं पळतो."

सूर्याजींचा चहा गार झाला. फसलो ते फसलो, पण रीत कशी मोडायची? मग ते उठले, परातीत साबणाचं पाणी भरलं, वांग्याखाली धरलं आणि पानाला नुसती टिचकी मारली. टप, टप, टप.

"हा खंदक," ते म्हणाले. "उडी त्याची. आपण वार केलेला नाही."

लाल भुंगा पहाटेच्या गारव्यात सुस्त असतो, तेव्हा वेचा, असं निधीनं सुचवलं. पण झोपलेल्यावर छापा घालायला ते तयार होईनात. पानांवर राख भुरभुरवून भागवलं.

चंपाषष्ठीला एकच वांगं हाती आलं, लिंबाएवढं. नैवेद्य झाला, प्रत्येकाच्या ताटात बोटभर भरीत पडलं.

"पापड?" सूर्याजींनी हळूच विचारलं.

"घालीन अंगणात," सुधाताई म्हणाल्या. "पण ती माझी कणकेची परात होती. उद्या बाड्यावरच्या बाजारातून नवी आणा."